जनावराच्या चिठ्ठीवर अँटिबायोटिक कोण लिहितं?

विरजण लागलं नाही की हैदराबादच्या काचीगुड्यातल्या मराठी घरांत दोष आधी थंडीला जातो, मग दूधवाल्याच्या पाण्याला. दुधात अँटिबायोटिकचा अंश असला तरी दही बिघडतं, कारण दही लावणारे जिवाणूच त्यात वाढत नाहीत, हे सहसा सुचत नाही. दूध उकळून हा अंश पुरता जात नाही, हेही. सुचलंच तर ठपका गुरांच्या डॉक्टरवर येतो: ‘हे लोक कशालाही इंजेक्शन ठोकतात.’

ठोकतात, पण त्या सुईला ढकलणारे हात बरेच असतात.

शहराच्या कडेला एखाद्या गोठ्यात म्हशीला दगडी झाली आहे, असं धरा. कास तापलेली, एक सड टणक, धारेत गाठी. डॉक्टर चार खणांच्या पसरट भांड्यात चारही सडांचं दूध वेगवेगळं घेतो, साबणासारखं द्रावण ओतून भांडं गोल गोल हलवतो. आजारी सडाच्या खणातलं दूध शेंबडासारखं घट्ट होतं. दाह कुठे आहे ते कळलं. जिवाणू कोणता आणि त्याला कोणतं औषध लागू पडेल, ते नाही. त्यासाठी नमुना राजेंद्रनगरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी जायला हवा. तिथे जिवाणू वाढवायला एक दिवस, त्याच्यावर औषधं तपासायला दुसरा. तेवढ्यात सड जाऊ शकतो, आणि सड गेला की म्हशीची किंमत पडते. मग अंदाजानं उपचार सुरू होतात, आणि अंदाज चुकू नये म्हणून जास्त जोराचं औषध निवडलं जातं.

त्यात रतिबाचं गणित. शेवटच्या डोसनंतर दूध किती दिवस विकायचं नाही, हे लेबलवर छापण्याचा नियम आपल्याकडे 2012 साली आला. मुदत दिलेली नसेल तर दूध-अंड्यांना किमान 7 दिवस आणि मांसाला 28 दिवस थांबायचं. आठवडाभराचं दूध ओतून द्यायचं, आणि भरपाई? ती कोण देणार! मालक म्हणतो, ‘दूध चालू राहील असं काहीतरी द्या, डॉक्टर.’ अमेरिकेत सेफ्टिओफरच्या काही इंजेक्शनांना दुधासाठी थांबण्याची मुदत शून्य आहे. हे तिसऱ्या पिढीचं औषध, म्हणजे जपून वापरायच्या घराण्यातलं. पण रतीब तुटत नाही. माझ्या मते चिठ्ठीवर सगळ्यात जास्त वजन याच हिशेबाचं पडतं, डॉक्टरच्या पदवीपेक्षाही.

अँटिबायोटिक डॉक्टरच्याच हातून जातं, हाही समज खरा नाही. कायद्यानं चिठ्ठी लागते. प्रत्यक्षात बऱ्याचदा मालकानं दुकानातून आणलेलं एक औषध आणि कंपाउंडरनं टोचलेलं दुसरं होऊन जातं, मग डॉक्टरला फोन जातो. कोंबड्यांना तर ते खाद्या-पाण्यातूनही दिलं गेलं आहे, तेही आजार नसताना, वजन वाढावं म्हणून. माणसांसाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेलं कोलिस्टिन असंच वापरलं जात होतं. जुलै 2019 मध्ये केंद्रानं खाद्यप्राण्यांसाठी त्यावर बंदी घातली.

शिवाय प्रत्येक आजाराला अँटिबायोटिक लागतंच असंही नाही: गुरांचा लम्पी किंवा कोंबड्यांचा रानीखेत हे विषाणूंचे आजार. त्यांवर त्याचा काही उपयोग नाही. लम्पीच्या जखमा चिघळल्या तर ते द्यावं लागतं, ती गोष्ट वेगळी.

आणि अँटिबायोटिक पसरवण्याचा सगळा दोष गोठ्याचाच म्हणावा, तर हैदराबादकरांनी पटांचेरू आठवावं. सुमारे 90 औषध कारखान्यांचं सांडपाणी घेणाऱ्या तिथल्या प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात स्वीडिश संशोधकांना लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक सापडलं. ते 2007 साली प्रसिद्ध झालं. गोळी घेतलेल्या माणसाच्या रक्तातही इतकं नसतं.

परत गोठ्यात येऊ. दगडीवर राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ एक घरगुती लेप सांगतं: कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम, चुना 15 ग्रॅम, वाटून कासेला लावायचा. सौम्य आजारात डॉक्टरला तो सुचवता येतो. पण फी इंजेक्शनची मिळते, सल्ल्याची नाही. आणि लेप सांगितला की मालक म्हणतो, ‘एवढ्यासाठी तुम्हाला बोलावलं होय?’