जुन्या जीपला नवी बॅटरी घेण्याआधी

डिसेंबरात साक्री तालुक्यातील एका गावी हरभऱ्याची पाहणी करायला गेलो होतो. पाहणी आटोपून वाड्यावर चहाला बसलो, तर शेतकरी म्हणाले, "साहेब, हरभऱ्याचं राहू द्या, या जीपचं काय करू ते सांगा. सकाळी चालूच होत नही." जीप जुनी, डिझेलची. सेल्फ मारला की नुसते टक् टक् होई. आदल्या आठवड्यात सुनेला मध्यरात्री बाळंतपणासाठी धुळ्याला न्यायचे होते. गल्लीतली सहा माणसे उठवून धक्का मारला, तेव्हा गाडी निघाली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, पण म्हातारबांच्या जिवाचे पाणी झाले. दीड वर्षात दोन बॅटऱ्या झाल्या होत्या आणि आता तिसरीसाठी कांद्याच्या पैशातून रक्कम बाजूला काढून ठेवली होती.

आम्ही गावोगाव सांगतो, माती परीक्षण केल्याशिवाय खत टाकू नका. बॅटरीचेही तसेच आहे. आधी तपासणी, मग खरेदी.

आधी गाडी तपासा

गावात मोटार वायंडिंग करणाऱ्याकडून मीटर मागवला. गाडी रात्रभर उभी असताना, सकाळी सेल्फ मारण्याआधी १२ व्होल्टची बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवत असेल तर ती भरलेली समजावी. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी आणि १२ च्या खाली गेली तर रिकामी. या जीपची बॅटरी ११.९ दाखवत होती. धक्का मारून इंजिन चालू केले. इंजिन चालू असताना दोन्ही टर्मिनलवर १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळायला हवेत. येथे मिळाले १२.५. म्हणजे बॅटरीला भरणाच मिळत नव्हता. अल्टरनेटरचा पट्टा अंगठ्याने दाबला तर चांगला दोन बोटे खाली गेला. शिवाय इंजिनाकडून बॉडीकडे येणाऱ्या अर्थिंगच्या तारेवर हिरवट-पांढरी बुरशी चढली होती.

पट्टा ताणला, तार कानसीने घासून घट्ट केली. मीटर १४.१ वर आला. बॅटरी दुकानात मंद करंटवर भरून घ्यायला सांगितली. ८० एएचच्या बॅटरीला साधारण ८ अँपिअर, म्हणजे दहावा हिस्सा, हे प्रमाण लक्षात ठेवावे. तिसऱ्या बॅटरीचे पैसे वाचले.

याउलट १४.५ च्या वर आकडा जात असेल तर रेग्युलेटर, म्हणजे जुन्या लोकांचा कटआऊट, बिघडला आहे. पाणी लवकर आटते, प्लेटा जळतात. अशा गाडीत कितीही भारी बॅटरी बसवली तरी ती वर्ष काढणार नाही.

मे महिन्यात मरते, डिसेंबरात कळते

आपल्या खान्देशात बॅटरीला दोन्हीकडून मार आहे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ जातो. बॉनेटखाली त्याहून जास्त. उष्णता १० अंशांनी वाढली की बॅटरीचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते, असा ठोकताळा आहे. रावेर-यावलकडे केळीच्या बागेच्या बांधावर दिवसभर उन्हात उभी राहणारी गाडी बॅटरीला आतून खाते, पण उन्हाळ्यात इंजिन हलके फिरते म्हणून ते कळत नाही. मग धुळे-साक्रीकडे थंडीत पारा ६-७ अंशांपर्यंत उतरतो. ऑईल घट्ट होते, डिझेल इंजिनाला फिरायला जास्त जोर लागतो आणि त्याच वेळी गारठ्याने बॅटरीचा जोर कमी होतो. उन्हाळ्यात अर्धी मेलेली बॅटरी तेव्हा उघडी पडते. म्हणून दिवाळी झाली की एकदा तपासणी करून घ्यावी.

बॅटरी निवडताना

तपासणीत गाडी ठीक निघाली आणि बॅटरीच गेलेली असेल, तर पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) एएच किती? बॅटरीवर एएच, म्हणजे अँपिअर-तास, लिहिलेले असते. मारुती ८०० सारख्या लहान पेट्रोल गाडीला ३२ ते ३५ एएच पुरते. डिझेल जीपला साधारण ६५ ते ८०, तर ट्रॅक्टरला ८० ते १०० एएचपर्यंत लागते. नक्की आकडा गाडीच्या पुस्तिकेत किंवा मूळ बॅटरीच्या लेबलवर पाहावा. साक्रीच्या जीपमधील पहिली बॅटरी पेट्रोल कारची होती. स्वस्त मिळाली म्हणून घेतली, अकरा महिन्यांत बसली. थोडी मोठी चालेल, लहान मुळीच नको.

२) टर्मिनल कोणत्या बाजूला? आकड्यापुढे एल किंवा आर लिहिलेले असते. एकाच मापाच्या बॅटरीत धन टोक डावीकडे की उजवीकडे, एवढाच फरक. उलटी घेतली तर तार पुरत नाही. ओढूनताणून उलटे जोडले तर अल्टरनेटर जळतो. जुनी बॅटरी सोबत नेणे सर्वांत बरे.

३) खोक्यात बसते का? उंच बॅटरीचे टर्मिनल बॉनेटच्या पत्र्याला लागले तर आग लागू शकते. बॅटरी पट्टीने घट्ट आवळलेली हवी. शिवाररस्त्यावरच्या खड्ड्यांत सैल बॅटरीच्या प्लेटा सुटतात.

४) कधी बनली? दुकानात पडून राहिलेली बॅटरीही उतरते आणि आपल्या उन्हात लवकर उतरते. प्रत्येक कंपनीचा तारखेचा सांकेतिक आकडा वेगळा असतो. दुकानदाराकडून वाचून घ्यावा. तीन-चार महिन्यांहून जुनी असेल तर भरून, मीटर लावून दाखवायला सांगावे. वॉरंटी कार्डावर तारीख, गाडी नंबर व शिक्का घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. वॉरंटीत किती महिने पूर्ण बदलून मिळते आणि किती महिने फक्त सवलत, हेही विचारावे.

५) बुचाची की बिनदेखभालीची? जुन्या गाडीचा भरणा कमी-जास्त होतो. अशा गाडीला बुचे उघडून पाणी टाकता येणारी बॅटरी बरी. पाणी मात्र डिस्टिल्डच. बोअरच्या जड पाण्यातील क्षार प्लेटा खातात. ॲसिड पुन्हा कधी टाकू नये.

ज्याचे काम त्याला

रानडुकरांसाठी झटका मशीन लावायची म्हणून अनेक जण गाडीची बॅटरी काढून शेतात नेतात. गाडीची बॅटरी क्षणभर मोठा जोर देण्यासाठी बनवलेली असते. रोज रात्रभर थोडी थोडी रिकामी केली तर ती काही महिन्यांत संपते. त्या कामाला, तसेच इन्व्हर्टरला, ट्युब्युलर बॅटरी वेगळी मिळते. ती मात्र गाडीच्या सेल्फला चालत नाही. साक्रीच्या जीपची दुसरी बॅटरीही मक्यात डुकरे येत होती तेव्हा दोन महिने शेतात होती, हे चहाच्या दुसऱ्या कपाला कळले.

बॅटरी काढताना आधी ऋण टोक सोडावे, जोडताना ते शेवटी जोडावे. भरताना वायू निघतो, तेव्हा जवळ विडी-काडी पेटवू नये. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नये किंवा शिसे काढायला घरी फोडू नये. शिसे विषारी आहे, लहान मुलांना जास्त बाधते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती अधिकृत संकलनात जायला हवी. नवी घेताना दुकानदाराकडेच द्यावी, तिची किंमत बिलातून वजा करून घ्यावी.

ग्रामपंचायतींनाही एक सुचवावेसे वाटते. ट्रॅक्टर, जीप, झटका मशीन मिळून एकेका गावात कितीतरी बॅटऱ्या असतात. एक साधा मीटर पंचायतीत असला आणि तो वाचता येणारा एक तरुण असला, तर अनेकांचा फुकटचा खर्च वाचेल. आणि रात्री-बेरात्री कोणाची सून, कोणाची आई दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर गल्ली उठवायला लागणार नाही.