न घेतलेलं नाव

तर बाळांनो, आज चिऊ-काऊची गोष्ट नाही, एका नावाची आहे. देवाचं चार अक्षरांचं हे नाव ज्यूंच्या हिब्रू धर्मग्रंथात साडेसहा हजारांहून जास्त वेळा येतं. तरी ते कसं म्हणायचं, हे आज कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

अक्षरं अशी: योद, हे, वाव, हे. म्हणजे आपले य, ह, व, ह. तळहात तोंडासमोर धरा आणि 'ह' म्हणा. ऊब लागली ना? आता 'प' म्हणा. ओठ मिटले, मग फटकन उघडले. य, ह, व म्हणताना श्वास असा कुठे पुरता अडत नाही. सगळं नाव वाऱ्यावरच चालतं.

पण जुन्या हिब्रूत व्यंजनं लिहीत, स्वर बहुतेक वाचणाऱ्यानं मनानं घालायचे. आपल्या पेण गावाचं नाव तसं लिहा बघू! नुसते प आणि ण. कोणी 'पेण' वाचेल, कोणी 'पण', तहानलेला 'पाणी' वाचेल. गावच्या माणसाचं अडत नाही, त्याच्या कानात नाव असतं.

ह्या नावाचं मात्र कानातलंच गेलं. ते इतकं पवित्र की लोक घेईनात. तुमची पणजी पणजोबांचं नाव न घेता 'अहो'वर भागवायची, तसंच. ती अक्षरं आली की ज्यू 'अदोनाय' म्हणतात, म्हणजे प्रभू. जेरुसलेमच्या मंदिरात मुख्य याजक योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या, दिवशी खरं नाव घ्यायचा. इ.स. 70 मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं आणि तेही थांबलं.

पुढे कित्येक शतकांनी मसोरा परंपरेच्या ज्यू पंडितांनी अक्षरांना स्वरांचे ठिपके दिले. ह्या चार अक्षरांना दिले ते 'अदोनाय'चे, वाचणाऱ्याला आठवण म्हणून. युरोपातल्या पंडितांनी अक्षरं एकाची नि स्वर दुसऱ्याचे जोडून वाचले, आणि झाला 'यहोवा'! अभ्यासक आज 'याहवे'कडे झुकतात. ग्रीक लिपीत स्वर लिहीत, आणि जुन्या ग्रीक लेखकांनी टिपलेले उच्चार त्याच्या जवळ जातात. अर्थ बहुधा 'असणे' ह्या धातूतला. त्याच धर्मग्रंथात जळत्या झुडपापाशी मोशेनं देवाला नाव विचारलं, तेव्हा उत्तरातही 'मी असणं'च फिरून फिरून आलं.

आता खरी गंमत. आपल्या पेणला बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, पिढ्यान् पिढ्या राहिले. तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून 'शनिवार तेली'. आडनावं पेणकर, रोहेकर. त्यांच्या इथल्या प्रार्थनास्थळाचं नाव बेथ हा-एलोहिम, देवाचं घर. तिथंही ती चार अक्षरं टाळलेलीच. पण लग्नकार्यात, नवस फेडताना ते मलिदा करतात. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, भोवती फळं (पोहे पेणचे असले तर विचारूच नका!), आणि गाणं एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलियाहू प्रेषिताचं. 'एलियाहू' फोडा: 'एली' म्हणजे माझा देव, आणि 'याहू' म्हणजे तेच नाव, जरा आखूड झालेलं! देवाचं नाव घ्यायला बंदी, पण माणसाला हाक मारायला कोण अडवणार? 'हालेलुया'तला शेवटचा 'या'सुद्धा तोच.

बातम्यांत नेतन्याहू हे आडनाव ऐकता ना? 'नातन' म्हणजे दिलं. कोणी दिलं, ते तुम्ही सांगा.