मोबाईल फोनच्या रेडिओलहरी व सुरक्षिततेच्या मर्यादा

महाविद्यालयाजवळ मोबाईलचा टॉवर उभा राहिला की पालक आपली शंका घेऊन प्रथम अध्यापकांकडे येतात. बुऱ्हाणपूरच्या दाट वस्तीत ही शंका स्वाभाविक आहे. शिवाय २०१७ साली मध्य प्रदेशातीलच ग्वाल्हेर येथील एक टॉवर, एका कर्करोगग्रस्ताच्या याचिकेवरून, सर्वोच्च न्यायालयाने बंद करावयास लावला. त्यामुळे या विषयाचे शास्त्रीय स्वरूप अध्यापकांनी समजून घेणे आवश्यक ठरते.

रेडिओलहरी हा प्रकाशाप्रमाणेच विद्युतचुंबकीय प्रारणाचा एक प्रकार आहे. क्ष-किरणांत अणूतील इलेक्ट्रॉन बाहेर काढण्याइतकी ऊर्जा असते, म्हणून ते पेशींतील जनुकीय द्रव्याला इजा करू शकतात. मोबाईलच्या लहरींच्या एका कणाची ऊर्जा त्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेच्या लाखो पटींनी कमी असते. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम एकच, तो म्हणजे ऊतींचे तापणे.

मर्यादा ठरतात त्या याच परिणामावरून. शरीराचा एक किलोग्रॅम भाग दर सेकंदाला किती ऊर्जा शोषतो, या मापाला विशिष्ट शोषण दर म्हणतात. संपूर्ण शरीरासाठी हा दर सुमारे ४ वॅट प्रति किलोग्रॅम झाला की शरीराचे तापमान जवळपास एक अंशाने वाढू शकते. आंतरराष्ट्रीय आयोगाने सामान्य जनतेसाठी त्याचा पन्नासावा भाग, म्हणजे ०.०८ वॅट, ही मर्यादा ठरविली. हँडसेटमुळे शरीराचा थोडाच भाग तापत असल्याने त्याची मर्यादा निराळी असते. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून ती एक ग्रॅम ऊतीच्या सरासरीने १.६ वॅट प्रति किलोग्रॅम करण्यात आली. त्याच दिवसापासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय पातळीच्या दहाव्या भागावर आणली गेली. उदाहरणार्थ, ९०० मेगाहर्ट्‌झसाठी ती ४.५ वरून ०.४५ वॅट प्रति चौरस मीटर झाली.

टॉवरविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. त्याच्या अँटेनातून लहरी मुख्यतः आडव्या दिशेने जातात. म्हणून टॉवरच्या बाबतीत दिव्याखाली अंधार असतो. टॉवर असलेल्या इमारतीपेक्षा समोरच्या तेवढ्याच उंचीच्या मजल्यावर तीव्रता अधिक असू शकते. तसेच अंतर दुप्पट झाले की तीव्रता साधारणपणे चौपटीने घटते. याउलट फोन कानाला चिकटलेला असतो. त्यामुळे डोक्यात शोषली जाणारी ऊर्जा बहुधा टॉवरची नसून हातातल्या फोनचीच असते.

फोन आपली शक्ती गरजेप्रमाणे बदलतो, हेही लक्षात घेतले पाहिजे. टॉवर जवळ असेल तर ती शेकडो पटींनी कमी होऊ शकते. जुन्या जाड भिंतींच्या घरात किंवा सातपुड्याच्या दुर्गम गावात सिग्नल क्षीण असतो, तेव्हा फोनला जोर लावावा लागतो. टॉवर दूर हटविल्याने पालकांची चिंता मिटेल, परंतु मुलाच्या कानाशी असलेल्या फोनचे प्रारण वाढण्याचा संभव आहे.

कर्करोगाचे काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा २-ब गटात ठेवले. याचा अर्थ पुरावा अपुरा आहे, परंतु शक्यता नाकारता येत नाही. कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही याच गटात आहे. याच संघटनेने करवून घेतलेल्या व २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात मोबाईलचा वापर व मेंदूचा कर्करोग यांत संबंध आढळला नाही. एका रुग्णाच्या दुःखावरून कारण सिद्ध होत नाही. त्यासाठी मोठ्या लोकसमूहांची तुलना करावी लागते. मात्र म्हणून त्या रुग्णाची शंका हसण्यावारी नेणेही योग्य नव्हे.

तात्पर्य, अध्यापकांनी पालकांना भीती घालू नये आणि खोटा दिलासाही देऊ नये. लांब संभाषणासाठी इअरफोन किंवा स्पीकर वापरावा, सिग्नल क्षीण असताना बोलणे थोडक्यात आटपावे. बहुतेक हँडसेटवर *#०७# दाबल्यास त्याचा शोषण दर दिसतो. टॉवरविषयी तक्रार असल्यास प्रथम तीव्रतेच्या मोजणीची मागणी करावी. मोजलेला आकडा व ठरलेली मर्यादा यांची तुलना करण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली, तर अफवेला थारा उरणार नाही.