कानात रातकिडे, मूळ नाकात

माघ-फाल्गुनात करमाळा तालुक्यात रब्बी ज्वारीची मळणी सुरू झाली, की शिवारात धूळ आणि भुसकट उडू लागते. दिवसभर यंत्रापाशी राबलेला माणूस घरी येतो तो शिंकतच. नाक चोंदलेले, डोळे चुरचुरणारे. रात्री गाव निजले, की त्याच्या कानात रातकिडे ओरडू लागतात. मग घरची मंडळी लसणाचे तेल कोमट करून कानात सोडतात. आवाज मात्र तसाच! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातली गत होते.

कानाच्या पडद्यामागे लहानशी पोकळी असते. तिथून एक बारीक नळी नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उतरते. आवंढा गिळताना ती उघडते व पडद्याच्या दोन्ही बाजूंना हवेचा दाब सारखा राहतो. धुळीचे वावडे, म्हणजे ॲलर्जी असली, की नाकाचे अस्तर सुजते आणि नळी नीट उघडत नाही. कानाला दडे बसतात. बाहेरचे कमी ऐकू येते आणि आतला आवाज जाणवू लागतो.

गाजरगवताचेही असेच वावडे असते. १९५६ साली पुण्यात नोंद झालेले हे गवत आज बांधाबांधावर दिसते. हातमोजे घालून ते फुलोऱ्याआधीच उपटावे. मळणीच्या वेळी नाकातोंडाला फडके बांधावे, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे, घरी येताच अंघोळ करून कपडे बदलावेत. ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी गुंगी येते. त्या घेऊन यंत्रापाशी जाऊ नये. चोंदलेले नाक मोकळे करणारे थेंबही डॉक्टरांना न विचारता दिवसेंदिवस घालू नयेत, त्याने नाक अधिकच चोंदते.

पण सारा दोष धुळीला देऊ नका. हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर यंत्राचा आवाजच कानाला घातक आहे. त्याने गेलेले ऐकणे परत येत नाही. कापसाचा बोळा पुरत नाही. कानात बसणारी बुचे वापरावीत, आळीपाळीने काम करावे.

एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. एकाच कानात आवाज येणे, नाडीच्या ठोक्याबरोबर आवाज येणे, चक्कर किंवा कान वाहणे, हेही अंगावर काढू नये. कान फुटलेला असेल तर तेल अपायच करते. आणि दवाखान्यात गेल्यावर कानाबरोबर नाकाचीही तक्रार सांगा. पुष्कळदा मूळ तिथेच सापडते.