वायुकलिलांचा वातावरणातील प्रसार : कोथरूड-पाषाण परिसराच्या संदर्भात

हवेत तरंगणाऱ्या घन वा द्रव सूक्ष्मकणांना वायुकलिल अथवा एरोसॉल असे म्हणतात. हे कण कोठून निघाले, याइतकेच ते किती उंचीपर्यंत मिसळले हेही महत्त्वाचे असते. शहरी प्रदूषणाच्या चर्चेत मात्र हा दुसरा प्रश्न सहसा मागे पडतो.

वेताळ टेकडीच्या एका अंगास कोथरूड व दुसऱ्या अंगास पाषाण वसले आहे. हिवाळ्यातील निरभ्र, निवांत रात्री जमीन लवकर थंड होते. गार व जड हवा उतारावरून सखल भागात साचते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर राहतो. तापमानाची ही विपरितता झाकणासारखी असते. शेकोटीचा धूर थोडा वर जाऊन आडवा पसरतो, हे पहाटे टेकडीवर जाणाऱ्यांच्या परिचयाचे आहे. ऊन तापल्यावर अभिसरण सुरू होते व झाकण सुटते. मिश्रणाची उंची २०० मीटरवरून १००० मीटर झाली, तर तेवढ्याच धुराची संहती, इतर घटक स्थिर मानल्यास, एकपंचमांशावर येईल. धूर कमी झालेला नसतो, तो केवळ विरलेला असतो.

ही उंची जमिनीवरील गाळणकागदावर उमटत नाही. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत डॉ. पी. सी. एस. देवरा व सहकाऱ्यांनी १९८६ पासून आर्गॉन-आयन लेसरवर आधारित लायडारने निरीक्षणे केली. लेसरचा झोत आकाशात सोडावयाचा आणि कणांनी विखुरलेला प्रकाश काही अंतरावरील दुर्बिणीने टिपावयाचा. दुर्बिणीचा कोन बदलत गेल्यास निरनिराळ्या उंचीवरील कणांचे प्रमाण कळते. २००९ मध्ये याच संस्थेने ‘केपेक्स’ प्रयोगात विमानातून थेट ढगांपर्यंत मोजणी नेली.

कणांच्या उगमाचा शोध वेगळ्या पद्धतीने घेतला जातो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सहा शहरांच्या अभ्यासातील पुण्याचे काम कोथरूडच्या एआरएआय संस्थेने केले. नमुन्यांच्या रासायनिक पृथक्करणातून वाहने, रस्त्यावरील धूळ, जळण यांचा वाटा त्यात काढला जातो. हा वाटा मिळाला, तरी सकाळची संहती दुपारच्या कितीतरी पट का, याचे उत्तर लायडारच्या आलेखातच शोधावे लागते.

महाविद्यालयीन प्रकल्पांत बहुधा तासिकांच्या सोयीने, अकराच्या सुमारास नमुने घेतले जातात. तोवर झाकण उचलले जाऊ लागलेले असते; शाळकरी मुले व फिरावयास निघालेले वृद्ध मात्र त्याच्या खालची हवा घेऊन घरी परतलेले असतात.