शिकवलेलं मागावर उतरावं

प्रशिक्षण वर्गातच संपलं की बहुधा वाया जातं. 2008 मध्ये तारापूर-उंबरगाव पट्ट्यातल्या विणकाम कारखान्यांत अर्थतज्ज्ञांनी केलेला प्रयोग हेच दाखवतो. महिनाभर पाहणी करून उणिवा सगळ्यांनाच सांगितल्या गेल्या. काही कारखान्यांत मात्र सल्लागार पुढे चार महिने खात्यात उभे राहिले. सुताच्या पोत्यांवर चिठ्ठ्या लागल्या, कापडातले दोष रोज नोंदवून त्यांवर बैठक होऊ लागली. तिथली उत्पादकता वर्षभरात 17 टक्क्यांनी वाढली. सल्लागारांचा एवढा खर्च परवडेल का, हा मालकांचा प्रश्न रास्तच आहे. पण वाढलेला नफा पाहता तो वर्षभरात भरून निघण्याजोगा होता. मला खरी अडचण पुढची वाटते. आठ-नऊ वर्षांनी निम्म्या पद्धती सुटल्या होत्या, आणि व्यवस्थापक बदलणं हे त्याचं एक मोठं कारण होतं. जुन्या माणसाने जाण्याआधी नव्याला मागापाशी उभं करून शिकवणं हा त्याच्या कामाचाच भाग ठरायला हवा.