डोंगराचे पीक, सागराचा वारा
विशेष प्रतिनिधी

नाव ‘इंडिका’, म्हणजे भारतीय. मूळ अफगाणिस्तानच्या कोरड्या डोंगरांत. आणि कसोटी मात्र प्रशांत महासागराच्या काठी! गांजाच्या या जातीची कहाणी अशी तीन मुलुखांत विखुरलेली आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९९६ साली औषधी वापरासाठी आणि २०१६ सालच्या सार्वमतानंतर प्रौढांच्या वापरासाठी गांजाला कायदेशीर मान्यता दिली. १ जानेवारी २०१८ पासून तेथे परवानाधारक दुकानांतून विक्री सुरू झाली. त्यामुळे राज्याच्या उत्तरेकडील हम्बोल्ट परगण्यात अनेक दशके रेडवूडच्या जंगलात लपूनछपून होणारी ही शेती उघड्यावर आली. कायद्याचा धाक कमी झाला, तरी तेथील शेतकऱ्याला दुसरा एक जुना शत्रू उरलाच. तो म्हणजे समुद्रावरून येणारी ओलसर हवा.

नावाचा घोळ

स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस याने १७५३ साली या वनस्पतीला ‘कॅनाबिस सटायव्हा’ हे नाव दिले. पुढे १७८५ साली फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क याने भारतातून आलेल्या नमुन्यांवरून ‘इंडिका’ ही वेगळी जात मानली. ते नमुने अरुंद पानांचे होते. आज बाजारात ‘इंडिका’ म्हणून ओळखले जाते ते बुटके, पसरट पानांचे झाड मात्र अफगाणिस्तान आणि हिंदुकुश परिसरातील आहे. १९७० च्या दशकात प्रवाशांनी त्याचे बी कॅलिफोर्नियात नेले आणि तेथे त्याचा इतर वाणांशी संकर झाला. ‘इंडिकाप्रधान’ हा शब्द या संकरांपैकी अफगाणी गुण अधिक असलेल्या वाणांसाठी वापरला जातो. ही व्यापारातील ओळख आहे. अशा लेबलांचा आणि वनस्पतीच्या प्रत्यक्ष जनुकीय वंशाचा मेळ अनेकदा बसत नाही, असे अलीकडच्या अभ्यासांतून दिसून आले आहे.

भारतात मात्र स्थिती निराळी आहे. १९८५ सालच्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार विनापरवाना गांजाची लागवड करणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

गुण तोच दोष

हिंदुकुशच्या पायथ्याशी उन्हाळा कोरडा असतो आणि थंडी लवकर येते. अशा हवेत टिकण्यासाठी हे झाड बुटके राहते, लवकर फुलते आणि त्याचा फुलोरा घट्ट, राळेने माखलेला असतो. बुटकेपणा आणि लवकर फुलणे हे दोन्ही गुण वादळी किनाऱ्यावर उपयोगीच ठरतात. उंच, सडपातळ झाडापेक्षा बुटके झाड वाऱ्यात कमी मोडते; लवकर फुलणारे पीक पावसाळी दिवसांपूर्वी हाती येण्याची शक्यता अधिक असते.

खरी अडचण आहे ती घट्ट फुलोऱ्याची. कोरड्या मुलुखात जो गुण, तोच दमट मुलुखात दोष होतो. फुलोऱ्याच्या आत शिरलेले पाणी लवकर सुकत नाही आणि तेथे ‘बोट्रायटिस’ ही राखाडी बुरशी घर करते. द्राक्षे आणि स्ट्रॉबेरी नासवणारी बुरशी ती हीच. साधारण १५ ते २० अंश तापमान आणि बराच काळ ओले राहिलेले फूल तिला मानवते. बाहेरून तुरा निरोगी दिसतो आणि हाताने उकलल्यावर आत तपकिरी कुजका गाभा सापडतो. नाशिकच्या द्राक्षबागायतदारांना परिचित असलेला भुरी रोगही या झाडाच्या पानांवर येतो.

हम्बोल्टचा किनारा बुरशीला हवे ते सारे पुरवतो. तेथे सागरतळाचे थंड पाणी वर येते आणि त्यावरून वाहणारी वायव्येची हवा दाट धुके घेऊन जमिनीवर चढते. युरेका या किनारी शहरात भर जुलैतही कमाल तापमान साधारण १७-१८ अंशांच्या आसपास राहते. डोंगर ओलांडून आत गेल्यास उन्हाळी तापमान ३० अंशांच्या पुढे जाते. परगण्यातील बरीचशी गांजाशेती आतल्या डोंगरांत दिसते, त्याचे एक कारण हेच आहे.

वारा: वैरी आणि वैद्य

वाऱ्याची भूमिका दुहेरी आहे. जोराचा वारा फांद्या मोडतो, पानांतील पाणी शोषून घेतो आणि समुद्राजवळ खारे तुषार आणून पानांच्या कडा करपवतो. गांजात नर आणि मादी झाडे सामान्यतः वेगळी असतात व परागीकरण वाऱ्यानेच होते. त्यामुळे दूरच्या नर झाडाचे परागही मादी झाडांपर्यंत पोहोचतात, तुऱ्यांत बी धरते आणि मालाचा भाव पडतो. उलटपक्षी, मंद वारा सतत लागल्यास खोड जाड व बळकट होते आणि मुख्य म्हणजे फुलोऱ्यातील दमटपणा निघून जातो. वारा पूर्ण अडवला की बुरशीला आमंत्रण मिळते.

म्हणूनच शेताभोवती भिंत उभारण्यापेक्षा सच्छिद्र आडोसा बरा मानला जातो. भिंतीवर आदळलेला वारा वरून उडी मारून पलीकडे भोवरे करतो. झाडांच्या रांगेतून किंवा जाळीतून गाळून आलेला वारा केवळ मंदावतो. अशा आडोशाचा परिणाम त्याच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत जाणवतो. कोकणच्या किनाऱ्यावर सुरूची बने लावण्यामागे हेच तत्त्व आहे. याशिवाय झाडांत अंतर ठेवणे, आतली पाने विरळ करणे आणि फांद्यांना जाळीचा आधार देणे हे उपाय केले जातात.

वेळेशी शर्यत

गांजाचे झाड रात्र लांबली की फुलते. उत्तर कॅलिफोर्नियात पाऊस सहसा ऑक्टोबरपासून सुरू होतो आणि नेमका तोच काढणीचा हंगाम. त्यामुळे अनेक शेतकरी पॉलिहाऊसवर रोज ठरावीक तास काळे आच्छादन ओढून दिवस कृत्रिमरीत्या लहान करतात. झाड लवकर फुलते आणि पीक उन्हाळ्यातच हाती येते. यासाठी मजूर व भांडवल लागते. ते ज्यांच्यापाशी नाही, अशा लहान शेतकऱ्यांना आभाळाकडे पाहत बसावे लागते.

या शेतकऱ्याचा तोटा भरून निघण्याची सोयही तोकडी आहे. अमेरिकेच्या संघराज्य सरकारचा अनुदानित पीकविमा गांजाला मिळत नाही. विक्रीपूर्वी प्रत्येक मालाची प्रयोगशाळेत तपासणी होते आणि अ‍ॅस्परजिलस या बुरशीच्या घातक जाती आढळल्यास तो माल विकता येत नाही. त्यातच २०२१ नंतर घाऊक भाव कोसळले. चार दिवस आधी कापणी केली तर वजन आणि प्रत कमी भरते. चार दिवस थांबले आणि पाऊस आला तर वर्षाचे पीक कुजते. अवकाळी पावसात मोहोर गमावणाऱ्या कोकणातील आंबा बागायतदारास हा पेच नव्याने समजावून सांगावा लागणार नाही.